मुलाचे शिकणे आणि मूल्यमापन: शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, आणि त्याच दिवसांत गावोगाव पेरणीची धावपळ असते. पहिल्या सत्राचे मूल्यमापन दिवाळीच्या आधी येते, तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेले असते. दिवाळीनंतर पश्चिमेकडे कापसाची वेचणी आणि पूर्वेकडील धानपट्ट्यात कापणी-मळणी चालते, तर वर्षाच्या शेवटी एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांत मोहफुले व तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. शाळेने बोलवावे आणि पालकाला नेमके तेव्हाच येता येऊ नये, असे हे वेळापत्रक आहे. पालक उदासीन आहेत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी शिक्षकांनी ते ध्यानात घ्यावे, या अपेक्षेने पुढील उत्तरे लिहिली आहेत. ती प्रामुख्याने पहिली ते आठवीच्या शाळांसाठी आहेत. दहावीविषयीचा एक प्रश्न शेवटी घेतला आहे.

मूल्यमापन म्हणजे सहामाही आणि वार्षिक परीक्षाच ना?

नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला किती समजले आहे याचे मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण असावे, असे त्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहे. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१० मध्ये मूल्यमापनाची जी पद्धत ठरवून दिली, तिचे दोन भाग आहेत. मूल शिकत असतानाच शिक्षक जे पाहतात, विचारतात, करून घेतात आणि नोंदवतात, ते आकारिक मूल्यमापन. सत्राच्या शेवटी एकत्रितपणे घेतले जाते ते संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीत आकारिक भागाला ७० टक्के व संकलित भागाला ३० टक्के भारांश आहे. तिसरी-चौथीत हे प्रमाण ६० व ४० होते, पाचवी-सहावीत दोन्ही भाग समान होतात आणि सातवी-आठवीत संकलित भाग ६० टक्क्यांपर्यंत जातो.

याचा अर्थ असा की दुसरीतील मुलीच्या श्रेणीचा मोठा भाग परीक्षेच्या दिवसांत ठरतच नाही. वर्षभराचे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिके, उपक्रम, प्रकल्प, लहान चाचण्या आणि वर्गकार्य यांतून तो घडतो. ज्या पालकांना फक्त निकालाच्या दिवशी शाळेत बोलावले जाते, त्यांना हा मोठा भाग कधी दिसतच नाही, आणि तो दाखवण्याची जबाबदारी शाळेची आहे.

प्रगतिपत्रकावरील ‘ब-१’ किंवा ‘क-२’ याचा अर्थ काय?

शेकडा ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२ आणि ३३ ते ४० ला ड श्रेणी मिळते. त्याखाली इ-१ आणि इ-२ या श्रेणी आहेत. ड श्रेणीच्याही खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून वर आणणे हे शिक्षकाचे काम आहे. म्हणून ‘इ’ दिसल्यावर पालकांनी मुलाला रागावण्याऐवजी, हे जादा मार्गदर्शन कधी आणि कसे होणार, असे शाळेला विचारावे. तो प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

श्रेणी पाहावी की खाली लिहिलेली नोंद वाचावी?

नोंद वाचावी, आणि शिक्षकांनी ती वाचण्याजोगी लिहावी. रूथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास शिक्षणक्षेत्रात आजही उद्धृत केला जातो. त्यात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय दिला आणि काहींना दोन्ही दिले. पुढच्या कामात प्रगती दिसली ती फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांची. गुण आणि अभिप्राय एकत्र मिळालेल्या मुलांना अभिप्रायाचा फारसा लाभ झाला नाही. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते, हे आपण प्रत्येक निकालाच्या दिवशी पाहतो.

‘प्रगती समाधानकारक आहे’, ‘अधिक सरावाची गरज आहे’ अशा नोंदी वर्गातल्या सगळ्याच मुलांच्या पत्रकावर चालून जातात, म्हणून त्या कोणाच्याच उपयोगाच्या नसतात. ‘हातच्याची बेरीज बिनचूक करते, वजाबाकीत हातचा घेताना चुकते, शब्दरूपातले उदाहरण वाचून दाखवले तर सोडवते, स्वतः वाचताना अडते’ ही नोंद तीन ओळींची आहे, पण तिच्यावरून पालकांना, पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला आणि मुख्य म्हणजे त्या मुलीला पुढे काय करायचे ते कळते. शेवटच्या वाक्यातून तर असेही दिसते की तिची अडचण गणितात नसून वाचनात आहे. गुणांच्या रकान्यातून हे कधीच कळले नसते.

आम्ही शिकलेले नाही. मुलाच्या अभ्यासात आम्ही काय मदत करणार?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि बहुतेक वेळा मान खाली घालून विचारला जातो. ‘आमाले काय समजते जी, सर, तुमीच पाहा,’ असे म्हणून आई सभेत मागच्या रांगेत बसते. तसे मागे बसण्याचे काहीही कारण नाही.

मुलाला घरी शिकवावे अशी शाळेची अपेक्षा नाही. ते शिक्षकाचे काम आहे. पालकांनी मुलाकडे लक्ष द्यावे आणि जे दिसले ते शाळेला सांगावे, एवढीच अपेक्षा आहे, आणि तेवढ्यासाठी अक्षरओळख लागत नाही. रोज संध्याकाळी मुलाला पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगावे आणि शेजारी बसून ऐकावे. वाचता न येणाऱ्या आईलाही मूल अडखळत वाचते की सलग वाचते, एकेक अक्षर जोडते की वाक्य बोलल्यासारखे म्हणते, हे कानांनी कळते. वाचून झाल्यावर ‘आता हे तुझ्या भाषेत मला सांग’ असे म्हणावे. मुलाला सांगता आले तर त्याला समजले. नुसतेच पाठ म्हणून दाखवले तर समजलेले नाही. तज्ज्ञ ज्याला आकलनाची तपासणी म्हणतात ती हीच आहे, आणि ती चुलीजवळ बसून करता येते.

गणिताचेही तसेच आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. समजा, किलोमागे दहा रुपये दराने आईने सकाळी १९ आणि दुपारनंतर १५ किलो कापूस वेचला, तर दिवसाचे किती रुपये झाले, हा हिशेब चौथीच्या मुलाने तोंडी करावा आणि काटा करणाऱ्याच्या वहीशी ताडून पाहावा. त्यात मोठी बेरीज आहे, गुणाकार आहे, आणि उत्तर चुकले तर घराचे नुकसान होते हे मुलाला ठाऊक असल्यामुळे तो ते मन लावून करतो. पुढच्या भेटीत पालकांनी ‘हा हिशेब तोंडी बरोबर करतो, पण लिहिताना गोंधळतो’ एवढे जरी शिक्षकांना सांगितले, तरी आठवड्याभराच्या निरीक्षणातून मिळेल तेवढी माहिती त्यातून मिळते. ती आकारिक नोंदीत यायला हवी.

राज्यात २०२२ पासून शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता पालक गट तयार झाले आहेत. शेजारच्या काही आयांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, त्यांतल्या एखादीला वाचता येत असेल तर तिने शाळेकडून आलेला उपक्रम इतरांना सांगावा, अशी ती कल्पना आहे. जिथे हे गट टिकले, तिथे ते वस्तीतल्या ओळखीपाळखीमुळे टिकले. शाळेच्या सूचनेवर ते फार काळ चालत नाहीत.

मूल सुटीच्या दिवशी वावरात मदत करते. ते शिक्षण समजावे का?

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद झाली आणि जिच्यातून महात्मा गांधींची नयी तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली, तिचा गाभाच हा होता की हाताचे काम आणि बुद्धीचे काम यांना वेगळे करू नये. सेवाग्राम आपल्याच मुलखात आहे, तेव्हा हा विचार विदर्भातल्या शिक्षकाला परका नसावा. मुलाने बीजप्रक्रिया पाहिली, दोन ओळींतले अंतर मोजले, कपाशीवरील बोंडअळी ओळखली, तर परिसर अभ्यासाच्या नोंदीत त्याला स्थान दिले पाहिजे.

मात्र मर्यादा स्पष्ट असावी. शाळेच्या वेळात मुलाला कामाला नेणे योग्य नाही. बालकामगार कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या कामात मदत करण्याची मुभा फक्त शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीतच दिली आहे, आणि तीही काम धोक्याचे नसेल तर. फवारणीच्या जवळपासही मुलाला फिरकू देऊ नये.

घरी आम्ही वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी किंवा कोरकू बोलतो. त्यामुळे मुलाचे गुण कमी होतात का?

होऊ नयेत, पण होतात. आणि ते थांबवणे शिक्षकांच्या हाती आहे. येथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणारे मूल मराठीच बोलते. परिसर अभ्यासाच्या उत्तरात त्याने ‘मला’ऐवजी ‘मले’ लिहिले आणि उत्तराचा आशय बरोबर असेल, तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, कारण तेथे तपासायचा आहे तो विषय. भाषेच्या तासाला प्रमाण लेखन शिकवावे, पण मुलाचे बोलणे अशुद्ध ठरवून नव्हे, तर पुस्तकात व परीक्षेत असे लिहितात हे सांगून. ज्या मुलाला पहिल्याच महिन्यात हसे होण्याचा अनुभव येतो, ते तोंडी कामात गप्प बसू लागते, आणि पुढे त्याच्या नोंदीत ‘सहभाग कमी’ असे लिहिले जाते. तो सहभाग कोणामुळे कमी झाला, हे त्या नोंदीत कोठेच नसते.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा यवतमाळकडील कोलामी बोलणाऱ्या मुलाची स्थिती याहून अवघड असते. गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातल्या आणि कोरकू ही मुंडा गटातली भाषा आहे. मराठीशी त्यांचे कुळाचे नाते नाही. असे मूल पहिलीत येते तेव्हा ते गणित आणि परकी भाषा एकाच वेळी शिकत असते. त्याचे मूल्यमापन पहिल्या वर्षी शक्य तेवढे त्याच्या भाषेत आणि तोंडी करावे. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर वरच्या वर्गातील मुलाची, अंगणवाडी सेविकेची किंवा पालकाचीच मदत घ्यावी. ज्या पालकाला मराठी नीट येत नाही म्हणून सभेत मागे राहावे लागते, तोच पालक अशा वेळी शिक्षकाचा सर्वांत उपयोगी सहकारी ठरू शकतो.

कामाच्या दिवसांत सभेला येता येत नाही. काय करावे?

सभेची वेळ शाळेने बदलावी. पालकांशी नियमित भेटी घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना देणे हे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. दुपारी बाराची सभा ठेवून दोनच पालक आल्याची नोंद करणे म्हणजे ते कर्तव्य पार पाडणे नव्हे. मजुरीला जाणाऱ्या आईचा सभेसाठी दिवसाचा रोज बुडतो, हे सभेची सूचना काढताना आठवावे. सकाळी वावराकडे निघण्यापूर्वी, संध्याकाळी दिवे लागल्यावर किंवा मजुरीला सुटी असते त्या आठवडी बाजाराच्या दिवशी, मजूर पालकांना विचारून वेळ ठरवली तर उपस्थितीत फरक पडतो. वडिलांनाही आवर्जून बोलवावे. मुलाची शाळा हे फक्त आईचे काम आहे, असा समज आपणच रूढ केला आहे.

पालक सभेत मुलाला बसवावे का?

अवश्य बसवावे. या संपूर्ण विषयात एकच बदल करायचा असेल तर हा करावा. आज बहुतेक ठिकाणी शिक्षक व पालक मुलाविषयी बोलतात आणि मूल बाहेर पटांगणात वाट पाहत असते. घरी गेल्यावर त्याला सभेचा जो सारांश मिळतो, तो बहुधा रागावण्याच्या स्वरूपात असतो. त्याऐवजी तिघांनी एकत्र बसावे आणि बोलण्याची सुरुवात मुलाने करावी. स्वतःच्या वहीतले एक चांगले काम आणि एक अडलेले काम त्याने आईवडिलांना दाखवावे. मग शिक्षकांनी त्यात आपले निरीक्षण जोडावे, पालकांनी घरी काय दिसते ते सांगावे, आणि पुढच्या भेटीपर्यंत करायची एकच गोष्ट तिघांनी मिळून ठरवावी. ‘अभ्यास कर’ ही अशी गोष्ट होत नाही. ‘रोज पाच ओळी न थांबता वाचणे’ ही होते. ठरलेले वाक्य मुलाने स्वतःच्या हाताने वहीत लिहावे. प्रत्येक मुलामागे दहा मिनिटे धरली, तर वीस पटाच्या वर्गाचे काम तीन-चार संध्याकाळी विभागून होते.

सुरुवातीला मुले बोलत नाहीत, आणि काही पालकांना मुलाने मोठ्यांपुढे बोलणे रुचत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत ही अवघडलेपणाची भावना ओसरते. इतर पालकांसमोर मात्र कोणाही मुलाच्या उणिवा वाचून दाखवू नयेत.

मुलाने स्वतःचे मूल्यमापन करायचे म्हणजे स्वतःच गुण द्यायचे का?

गुण द्यायचे नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ज्या समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे, त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत मुलाचे स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायांचे मूल्यमापनही आहे. पहिली-दुसरीत ‘जमले’, ‘थोडे जमले’, ‘मदत हवी’ यांपैकी एकावर खूण करणे पुरेसे असते. तिसरीपासून मुलाला निकष आधी सांगावेत. निबंध लिहिण्यापूर्वी चांगल्या निबंधात काय असते हे वर्गाने मिळून फळ्यावर लिहावे, लिहून झाल्यावर प्रत्येकाने त्या यादीशी आपला निबंध ताडावा आणि शेजाऱ्याला एक जमलेली व एक सुधारण्याजोगी बाब सांगावी. शेजाऱ्याचे मत फक्त कामाविषयी असावे. त्या मुलाविषयी, त्याच्या घराविषयी किंवा जातीविषयी एक शब्दही त्यात येता कामा नये, आणि शिक्षकांनी याबाबत कठोर राहावे.

आता कोणी नापास होत नाही, मग मुलाने अभ्यास का करावा?

हे अंशतः जुने झाले आहे. २०१९ मध्ये शिक्षण हक्क अधिनियमात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षेची संधी द्यायची असते, आणि तीतही ते उत्तीर्ण झाले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता मात्र येत नाही. पाचवीत प्रथमच नापास ठरलेल्या मुलाची अडचण बहुधा दुसरी-तिसरीतच सुरू झालेली असते आणि त्या वर्षांच्या नोंदींत ती दिसायला हवी होती. म्हणून पाचवीच्या निकालावर चर्चा करताना मागची प्रगतिपत्रके समोर ठेवावीत.

कामासाठी आम्हाला गाव सोडावे लागते. मुलाचे काय?

शक्य असेल तर मुलाला आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या सोयीत गावीच ठेवावे. वीटभट्टीवर किंवा तेलंगणात मिरची तोडण्यासाठी मुलाला सोबत न्यावेच लागले, तर निघण्यापूर्वी शाळेत कळवावे आणि शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. मूल कोणत्या वर्गात आहे आणि त्याला काय येते याची नोंद त्यात असते, त्यामुळे जिथे जाल तिथल्या शाळेत त्याला बसवता येते व परतल्यावर पुन्हा आपल्या वर्गात घेता येते. शिक्षकांनी परतलेल्या मुलाची आधी तोंडी चाचपणी करावी. वर्ग जिथे पोहोचला आहे तिथून त्याला पुढे ढकलू नये.

गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येतो. फोन वडिलांकडे असतो.

मग तो गृहपाठ फळ्यावरून वहीत उतरवून द्यावा. ज्याचा फोन दिवसभर घराबाहेर असतो त्या मुलाचे मूल्यमापन फोनवरच्या गृहपाठावरून करणे अन्यायाचे आहे. मुलांची नावे व गुण त्या गटावर टाकू नयेत.

‘हाडे आमची, कातडी तुमची’ असे सांगून आम्ही मुलाला शाळेत सोडतो. त्यात चूक काय?

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने मनाई आहे, आणि पालकांची परवानगी असली तरी ती मनाई उठत नाही. मूल्यमापनाच्या दृष्टीनेही मार घातक आहे, कारण मार खाणारे मूल चूक लपवायला शिकते आणि लपवलेली चूक कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग सांभाळताना एवढ्या नोंदी कधी करायच्या?

हा प्रश्न शिक्षकांचा आहे आणि तो रास्त आहे. पहिली ते पाचवीत साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. प्रत्येक मुलाची रोज नोंद करणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. रोज चार-पाच मुले ठरवून पाहावीत आणि त्यांच्याबद्दल एकेक ओळ लिहावी. अशा रीतीने आठवड्याभरात पटावरची बहुतेक मुले नजरेखालून जातात. जे वेगळे किंवा अनपेक्षित दिसले तेच लिहावे. वर्षाअखेरीस एका बैठकीत सर्वांच्या नोंदी भरून काढण्यापेक्षा या त्रोटक ओळी कितीतरी अधिक खऱ्या असतात.

निकाल चुकीचा वाटला किंवा शिक्षकांशी मत जुळले नाही, तर कोणाकडे जावे?

प्रथम वर्गशिक्षकांकडे, आणि मुलाच्या वह्या व तपासलेल्या उत्तरपत्रिका समोर ठेवून बोलावे. त्यानंतर मुख्याध्यापकांकडे. तेथेही समाधान झाले नाही तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडता येतो. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. खिचडीचे धान्य आणि इमारतीची डागडुजी यांतच तिच्या बहुतेक सभा संपतात, ही खेदाची गोष्ट आहे. किती मुलांना तिसरीत सलग वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शाळेने काय योजले आहे, असे दोन प्रश्न दर सभेच्या विषयपत्रिकेवर असलेच पाहिजेत. चावडीवर किंवा पानठेल्यावर शिक्षकाची बदनामी केल्याने मुलाचे काहीच भले होत नाही. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचे असते.

दहावीला तर बोर्डाचीच परीक्षा असते. तेथे पालक व शिक्षक यांनी मिळून काय करावे?

दहावीत भाषा विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. हे २० गुण शाळेत, वर्षभराच्या तोंडी परीक्षा व स्वाध्यायांतून मिळतात. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचेही तसेच आहे. म्हणून स्वाध्यायाच्या वह्या वेळेवर पूर्ण होतात का आणि प्रयोग खरोखर करून घेतले जातात का, हे पालकांनी जुलै-ऑगस्टमध्येच विचारावे. सगळ्यांनाच सरसकट पूर्ण अंतर्गत गुण देणे ही मुलांवर दया नव्हे. ज्याला प्रयोग कधी हाताळायलाच मिळाला नाही, त्याची उणीव अकरावीत विज्ञान घेतल्यावर उघडी पडते. मूल दिव्यांग असेल तर वाढीव वेळ, लेखनिक आदी सवलतींसाठीची प्रमाणपत्रे फॉर्म भरण्याआधीच शाळेकडे द्यावीत. निकालानंतर शंका असल्यास नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडून ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती आल्यावर विषयशिक्षकांसोबत, मुलाला शेजारी बसवून, पाहावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा की नाही ते ठरवावे.